नफ्याला हात कोण लावणार?

कापसाचा भाव चढू लागला की दिल्ली खडबडून जागी होते, आणि तो कोसळू लागला की तिला गाढ झोप लागते, हा अनुभव वर्धा जिल्ह्याला नवा नाही. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता आणि विदर्भातील बाजारपेठांत प्रत्यक्ष भाव दहा हजारांच्या पलीकडे गेला. कित्येक वर्षांनंतर हिंगणघाटच्या बाजार समितीत गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा उजळलेला दिसला. गिरणीमालकांच्या संघटनांनी ओरड केली, आणि १४ एप्रिल २०२२ पासून कापसावरील ११ टक्के आयातकर सरकारने माफ केला. माफीची मुदत आधी सप्टेंबर अखेरची होती, ती पुढे ऑक्टोबर अखेरपर्यंत वाढविण्यात आली. १९ ऑगस्ट २०२५ रोजी हाच कर पुन्हा माफ झाला. या खेपेस तर कापसाचे भाव चढलेलेही नव्हते. अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के कर बसविला, कापडाचे निर्यातदार अडचणीत आले, आणि त्या अडचणीचा भार कोणी तरी उचलावयाचा म्हणून तो कापूस पिकविणाऱ्याच्या खांद्यावर ठेवण्यात आला. ३० सप्टेंबरची मुदत वाढवून ३१ डिसेंबर करण्यात आली. म्हणजे बोंडे फुटावयाची, पहिली वेचणी बाजारात यावयाची, नेमकी तीच वेळ. हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला असताना खुल्या बाजारात त्याहून कमी भावाने हंगाम सुरू झाला.

ग्राहकाला स्वस्त कापड मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. आमचे बहुसंख्य वाचक पगारदार आहेत, आणि महिनाअखेरीची ओढाताण त्यांस ठाऊक आहे. परंतु कापडाची किंमत कमी करावयाची तर ती कापूस पिकविणाऱ्याच्या पदरातूनच काढली पाहिजे काय, हा प्रश्न त्यांनीही विचारावा. थोडा हिशेब करून पाहू. एक क्विंटल कापूस वठविला की सुमारे ३४ किलो रुई निघते. एका साध्या सदऱ्यास पाव किलोच्या आसपास रुई लागते. सरकीचे उत्पन्न शून्य धरले, कताई-विणाईतील घट जमेस धरली, आणि शेतकऱ्याला संपूर्ण हमीभाव मिळाला असे मानले, तरी त्या सदऱ्यात कापसाची किंमत पाऊणशे रुपयांच्या पलीकडे जात नाही. सदऱ्यावरची चिठ्ठी किती रुपयांची असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. २०२२ च्या शिखरावरून कापूस खाली उतरला, पुढील वर्षी सात हजारांच्या आसपास घुटमळू लागला; परंतु कपडे व पादत्राणे यांचे भाव त्याबरोबर उतरले नाहीत, त्यांच्या वाढीचा वेग तेवढा मंदावला. मग मधला पैसा गेला कोठे? सर्व गिरण्यांनी तो खाल्ला असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२२-२३ मध्ये कित्येक सूतगिरण्या स्वतःच तोट्यात होत्या. खरी गोष्ट ही की, शेतकऱ्याचा भाव रोज फलकावर लिहिला जातो, आणि त्यापुढच्या एकाही टप्प्यावरील नफ्याचा हिशेब आपणांपुढे मांडला जात नाही.

अर्थकारणाचा असला विषय पहिल्या पानावर घेतला म्हणून काही वाचक नाक मुरडतील. परंतु महागाई ही आज स्वयंपाकघरातील गोष्ट आहे, आणि तिच्यावर कोणते औषध द्यावयाचे यावर कोणाच्या घरात काय शिजणार हे ठरते. पाठ्यपुस्तकांतून मुलांना आजवर दोन कारणे शिकविली गेली. बाजारात पैसा फार झाला आणि माल थोडा राहिला म्हणजे भाव चढतात, हे पहिले. कच्चा माल, इंधन, मजुरी महागली म्हणजे भाव चढतात, हे दुसरे. पहिल्या रोगावर मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवावा. दुसऱ्यावर धीर धरावा आणि मजुरांनी पगारवाढ मागू नये, असा उपदेश. तिसरे एक कारण पुस्तकांच्या तळटिपांतून लपले होते. टंचाईच्या काळात सर्वांचाच खर्च वाढलेला असतो, सर्वच दर वाढवीत असतात, आणि ग्राहकाची दर सोसण्याची मानसिक तयारी झालेली असते. अशा वेळी ज्यांच्या हाती बाजार आहे ते खर्चापेक्षा अधिक दर वाढवितात. कोणी कोणाशी गुप्त करार करावा लागत नाही, आणि प्रतिस्पर्धी भाव पाडील ही भीतीही उरत नाही.

हे कारण तळटिपेतून वर आणण्याचे काम युरोपात झाले. डिसेंबर २०२१ मध्ये इझाबेला वेबर या तरुण जर्मन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून, निवडक वस्तूंच्या किंमतींवर नियंत्रण घालण्याचा विचार पुन्हा करावा असे सुचविले. त्यांच्यावर चोहोंकडून तुटून पडण्यात आले. नोबेल पारितोषिकाचे मानकरी पॉल क्रुगमन यांनी त्यांची हेटाळणी केली आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. पुढच्याच फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, वायूचे भाव भडकले, आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याच बाई जर्मन सरकारने नेमलेल्या वायुविषयक आयोगावर बसल्या होत्या. युरो चलनाच्या देशांतील महागाई ऑक्टोबर २०२२ मध्ये १०.६ टक्क्यांवर पोचली. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तीन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा २०२२ च्या आरंभापासूनच्या भाववाढीत सुमारे ४५ टक्के वाटा वाढत्या नफ्याचा निघाला. आयात मालाच्या किंमतींचा ४० टक्के आणि मजुरीचा २५ टक्के, तर करांच्या सवलतींनी थोडा भार हलका केला होता. नाणेनिधी ही काही समाजवाद्यांची संस्था नव्हे. त्या तज्ज्ञांनी हेही नमूद केले की महागाईचा परिणाम वजा केला तर नफ्याचे प्रमाण साथीपूर्व काळापेक्षा थोडेच वर होते. म्हणजे प्रत्येक दुकानदार लुटारू झाला होता असा अर्थ काढता येत नाही. परंतु इंधनाच्या धक्क्यात भांडवलाने आपला वाटा शाबूत राखला आणि झळ मजुरीने सोसली, एवढा अर्थ त्यातून निश्चित निघतो.

आणि तेथील सरकारांनी काय केले? युरोपीय मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढविले, हे तर झालेच. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने असा नियम केला की, तेल, वायू व कोळसा यांच्या कंपन्यांचा नफा २०१८ ते २०२१ या चार वर्षांच्या सरासरीहून वीस टक्क्यांपेक्षा अधिक असेल, तर त्या वरच्या नफ्यावर निदान ३३ टक्के वर्गणी वसूल करावी. कर न म्हणता त्यास ‘ऐक्याची वर्गणी’ असे गोड नाव देण्यात आले. ब्रिटनमध्ये तर हुजूर पक्षाच्या सरकारने मे २०२२ मध्ये उत्तर समुद्रातील तेलकंपन्यांवर २५ टक्के जादा कर बसविला आणि जानेवारी २०२३ पासून तो ३५ टक्के केला. स्पेनने वीजकंपन्यांबरोबर बँकांकडूनही वसुली केली, कारण व्याजदर वाढल्याने बँकांच्या पदरात जो नफा पडला तो त्यांनी कमावलेला नव्हता. जर्मनीची योजना आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. प्रत्येक कुटुंबास त्याच्या पूर्वीच्या वापरापैकी ८० टक्के वायू ठराविक दराने, आणि त्यापुढचा बाजारभावाने. गरीब थंडीत गोठला नाही, आणि काटकसर करण्याचे कारणही नाहीसे झाले नाही.

सर्वच प्रयोग सफल झाले असे नाही, आणि ते लपविण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. इटलीने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांच्या जादा नफ्यावर ४० टक्के कर एका रात्रीत जाहीर केला. दुसऱ्या दिवशी बँकांचे भाग कोसळले. सरकारने माघार घेऊन, कर भरण्याऐवजी त्याच्या अडीचपट रक्कम गंगाजळीत ठेवण्याची मुभा दिली, आणि बँकांनी अर्थातच तीच वाट धरली. हंगेरीने पेट्रोलचा दर गोठविला आणि अखेर पंप कोरडे पडू लागले. पूर्वतयारीवाचून, घोषणेच्या भरात घातलेले नियंत्रण टिकत नाही.

आता आपल्याकडे पाहू. एप्रिल २०२२ मध्ये आपली किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, आणि घरासाठी कर्ज काढलेल्या ज्या वाचकाचे पंधरा वर्षे उरलेले हप्ते एकाएकी वीस वर्षांवर गेले त्याला या धोरणाचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको. उरलेले काम शेतमालावर झाले. गव्हाची निर्यात मे २०२२ मध्ये बंद झाली. सोयाबीन, हरभरा, मोहरी यांचे वायदे त्याआधीच, डिसेंबर २०२१ मध्ये थांबविले होते. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून करमुक्त येऊ लागला. त्याच महिन्यात कांद्याची निर्यात बंद झाली. खाद्यतेलावरील आयातकर उतरविले गेले, आणि २०२४ च्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकण्याची पाळी आमच्या देवळी-समुद्रपूरच्या शेतकऱ्यावर आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाईचा दर पाव टक्क्यापर्यंत खाली आला तेव्हा पुष्कळांनी एकमेकांची पाठ थोपटली. त्या महिन्याच्या आकड्यांत डोकावले तर दिसते की अन्नपदार्थांचे भाव वर्षापूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी उतरले होते. अन्न व इंधन वगळून उरणाऱ्या वस्तू-सेवांची महागाई मात्र चार टक्क्यांच्या वरच होती. तीत सोन्याच्या भडक्याचा वाटा होता, हे मान्य. पावसाने चांगले पीक दिले, हेही मान्य. तरीसुद्धा महागाई उतरली ती मुख्यतः शेतमालाच्या घसरणीने उतरली, हे नाकारता येणार नाही.

याच काळात कंपन्यांची स्थिती काय होती, हे सरकारच्याच आर्थिक पाहणीत वाचावयास मिळते. जानेवारी २०२५ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या या अहवालात म्हटले आहे की २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांतील उच्चांकावर होता. मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांतील नोकऱ्या अवघ्या दीड टक्क्याने. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्के केला तेव्हा गुंतवणूक आणि रोजगार वाढतील, असे सांगितले गेले होते. रिझर्व्ह बँकेचे माजी उपगव्हर्नर विरल आचार्य यांनी मार्च २०२३ मध्ये दाखवून दिले की पाच बड्या उद्योगसमूहांची बाजारावरील पकड घट्ट झाली असून, कच्चा माल उतरला तरी त्यांच्या मालाचे दर उतरत नाहीत यामागे ती पकड हे एक कारण आहे. त्यांच्या मोठे समूह तोडण्याच्या सूचनेशी कोणी सहमत होवो न होवो, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही.

नफ्याला हात लावता येत नाही असे म्हणावे, तर आपण तो लावला आहे. १ जुलै २०२२ पासून देशात काढल्या जाणाऱ्या खनिज तेलावर टनामागे २३,२५० रुपये, आणि परदेशी जाणाऱ्या पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे सहा व तेरा रुपये असा जादा कर याच सरकारने बसविला. दर पंधरवड्यास त्याचा फेरविचार होई, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द झाला. भांडवल पळून गेले नाही, आकाशही कोसळले नाही. मात्र तो पैसा सर्वसाधारण तिजोरीत गेला; ज्याला महागाईची झळ लागली त्याच्यापर्यंत त्यातले काय पोचले, हे कोणासही दाखविता येणार नाही. दुसरी गोष्ट याहून विलक्षण. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, म्हणजे २०१७ मध्ये, कर कमी झाल्याचा फायदा ग्राहकास न देणाऱ्या व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी एक प्राधिकरण निर्माण झाले होते. ते आधी एका संस्थेकडून दुसरीकडे सोपविले गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणेच बंद झाले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, शेकडो वस्तूंवरील कर एकदम कमी करण्यात आला! भावांवर लक्ष ठेवावे असे आदेश निघाले खरे. परंतु चोरी होण्याच्या आदल्या दिवशी चौकी मोडावयाची आणि मग शेजाऱ्यांनी सावध राहावे असे सांगावयाचे, यातलाच तो प्रकार होय.

वर्ध्याच्या वाचकांस हा विचार परका वाटू नये. मगनवाडीत बसून ग्रामोद्योगाचा संसार चालविणारे जे. सी. कुमारप्पा हे व्यवसायाने हिशेब तपासनीस होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला होता, आणि युद्धकाळातील चलनफुगवट्याची कारणे व उपाय यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. त्यांची चरख्यावरील निष्ठा आपण संग्रहालयात ठेवली. त्यांची हिशेब मागण्याची सवय मात्र ठेवली नाही. आणि जादा नफ्यावरील कर ही काही युरोपातून आलेली नवलाई नव्हे. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने येथे असा कर बसविला, पुढे तो ५० टक्क्यांवरून ६६ टक्क्यांच्या वर नेला. स्वतंत्र भारतात १९६३ मध्ये तो ‘सुपर प्रॉफिट्स टॅक्स’ या नावाने आणला तो मोरारजी देसाई यांनी, ज्यांना कोणी कधी डावे म्हटले नाही. पुढल्याच वर्षी त्याचे रूप सौम्य झाले. त्या सौम्य रूपात तो १९८७ पर्यंत जिवंत होता.

नियंत्रणांच्या दुसऱ्या बाजूचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. काळा बाजार आणि लाचलुचपत यांस कंटाळून १९४७ च्या अखेरीस गांधीजींनी नियंत्रणे उठविण्याचा आग्रह धरला. व्यापाऱ्याच्या सद्बुद्धीवर त्यांनी विश्वास टाकला. कापडाचे भाव भडकले, आणि १९४८ च्या उत्तरार्धात नियंत्रणे परत आणावी लागली. इकडे महाराष्ट्राने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना राबविली. शेतकऱ्यास व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडविण्याचा हेतू उत्तम होता. परंतु निवडणुका पाहून भाव ठरू लागले, चुकारे महिनोन् महिने अडकू लागले, बाहेर भाव चांगला असला की कापूस चोरवाटांनी राज्याबाहेर जाऊ लागला, आणि योजना कोट्यवधींच्या तोट्यात बुडाली. एकाने सगळे बाजारावर सोडले, दुसऱ्याने सगळे सरकारी खात्यावर; दोहोंत हिशेब उघडा नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे प्रत्येक भाव गोठवा असे नाही. तसे झाले तर सर्वांत आधी शेतकऱ्याचाच भाव गोठेल, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आमचे म्हणणे असे की, मोठ्या कंपन्यांच्या नफ्याची मागील चार वर्षांची सरासरी काढून, तीहून वीस टक्क्यांपलीकडे जाणाऱ्या नफ्यावर जादा कर बसविणारा कायमचा कायदा संसदेने करावा. त्याचे सूत्र आधीच ठरलेले असावे. त्यामुळे इटलीसारखी रात्रीची घोषणाही नको आणि सकाळची माघारही नको. तो पैसा वेगळा ठेवावा. कांदा आणि डाळी यांच्यासाठी २०१४-१५ पासून भाव स्थिरीकरण निधी आहेच. त्याची एक शाखा पिकविणाऱ्यासाठी काढून कापूस व सोयाबीन हमीभावाखाली गेल्यास फरक त्यातून द्यावा. नफेखोरीच्या तक्रारींचे दार पुन्हा उघडावे. जिनिंगपासून दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती खर्च आणि किती नफा, याचे पत्रक सरकारने दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावे; शेतकऱ्याच्या भावाचा फलक लागतो, तसा तोही लागू द्या.

शहरातील मध्यमवर्गाचा या मागणीशी काय संबंध, असे कोणी विचारील. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली तेव्हा लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या स्त्रियांत कामगारांच्या घरच्या होत्या तशा शिक्षक-कारकुनांच्या घरच्याही होत्या. त्यांचा राग साठेबाजावर होता, शेतकऱ्यावर नव्हता. तेव्हापासून मध्यमवर्गाची समजूत कोणी तरी अशी करून दिली आहे की, तूर स्वस्त व्हावी म्हणजे आपले भले. तूर स्वस्त झाली. शाळेची फी, मोबाईलचे दर, विम्याचा हप्ता आणि औषधाची चिठ्ठी मात्र चढतच राहिली.

कापसाचा प्रश्न तर संसदेच्या कायद्याची वाट पाहत बसण्यासारखा नाही. आयातकरात बदल करावयाचा तर तो जूनमधील पेरणीपूर्वी जाहीर झाला पाहिजे. काय पेरावे, हे शेतकऱ्याला तेव्हा ठरविता येते, ऑगस्टात नाही. आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत बाजारभाव हमीभावाखाली असेल तोपर्यंत कोणतीही माफी लागू होऊ नये. भारतीय कापूस महामंडळाची केंद्रे पहिल्या वेचणीस उघडावीत, दिवाळीनंतर नव्हे. वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वी यांच्या लोकप्रतिनिधींनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, एवढ्या तीन गोष्टी दिल्लीकडून लेखी मिळवाव्यात, आणि येत्या पेरणीपूर्वी त्या आमच्या वाचकांपुढे ठेवाव्यात. त्यांचे उत्तर आम्ही याच पानावर छापू.